मागच्या खोलीत कोण झोपतं

खाट स्वयंपाकघराच्या दारात अडकली. पाय काढले असते तर गेली असती, पण पायांचे बोल्ट गंजून घट्ट बसले होते. म्हणून चष्मेवाल्याने ती आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली, आणि पुन्हा आडवी केली. पलीकडून बायको ओढत होती, अलीकडून तो ढकलत होता, आणि दोघांच्या मध्ये दाराच्या चौकटीचा रंग जात होता. शेवटी खाट सुटली ती एकदम. बायको ओट्यावर आदळता आदळता वाचली.

"सावकाश," ती म्हणाली. "बाई अकराला येणार आहेत. आत्ता कुठे आठ वाजलेत."

चष्मेवाला हे त्याचं गल्लीतलं नाव. चष्म्याच्या दुकानात तो काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. अर्ध्या मिलिमीटरचा फरक आपल्याला नुसत्या डोळ्यांनी कळतो, असं तो सांगायचा, आणि ते खरंही होतं. बायको बालवाडीत शिकवायची. मुलगी आठवीत होती. खाट मात्र चष्मेवाल्याच्या आईची होती. गेली चार वर्षं ती घराच्या अगदी मागे, स्वयंपाकघराच्याही पलीकडच्या खोलीत होती. आजच्या दिवसापुरती, सोफा एका बाजूला सरकवून, ती बाहेरच्या खोलीत आणायची, असं नवराबायकोचं ठरलं होतं.

ठरवण्याचं कारण असं की नगरपालिकेने घरदुरुस्तीसाठी निधी काढला होता. घर जुनं आहे म्हणून नव्हे, तर घरात राहून माणूस आजारी पडतो किंवा पडून हातपाय मोडून घेतो म्हणून. ओलीच्या भिंती, उघड्या तारा, कठडा नसलेले जिने, हे सगळं सरकारी खर्चाने नीट करून मिळणार होतं. आधी तपासनीस येऊन घर बघणार, शंभरपैकी गुण देणार, आणि साठ गुण मिळाले तर याच वर्षी काम होणार. कमी मिळाले तर पुढच्या यादीत, आणि पुढची यादी कधी लागेल ते कोणी सांगत नव्हतं. बालवाडीच्या भिंतीवर पत्रक लागलं होतं, ते वाचून बायकोनेच अर्ज भरला. मागच्या खोलीची एक भिंत वरपासून कमरेपर्यंत काळी पडली होती. हात लावला की गिलावा पिठासारखा गळायचा. सकाळी उठल्यावर आईच्या छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा तो दहा वाजेपर्यंत थांबायचा नाही. डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं, आणि तिसऱ्यांदा म्हणाले की यांना औषध मी देतो, पण भिंतीला कुठून देऊ.

तेव्हा ओल दाखवायची होती. फक्त त्या ओलीत आई झोपते, हे दाखवायचं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. इथे अर्धी मूठ उघडायची होती आणि अर्धी झाकून ठेवायची होती, आणि ते कसं साधायचं यावर दोघांची बरीच बोलणी झाली होती.

आई पुढच्या पायरीवर उन्हात बसली होती. एका शिंप्याच्या दुकानासाठी ती तीस वर्षं शर्टांची काजं करत आली होती. आता नजर पूर्वीसारखी राहिली नसली तरी आठवड्याला वीसेक शर्ट अजून येत. खाट बाहेर आलेली पाहून तिने सुई थांबवली.

"कुठं निघाली माझी खाट?"

"इथंच, बाहेरच्या खोलीत. मोकळी हवा लागते," चष्मेवाला म्हणाला.

"आजच?"

त्याने उशी नीट केली. आई पुन्हा काजाला लागली. मुलीने मात्र मागच्या खोलीत आपली जुनी सायकल नेऊन ठेवली, रद्दीच्या दोन गोण्या ओढल्या, त्यांवर एक फुटका पंखा ठेवला, आणि कोठार चांगलं सजलंय असा शेरा मारला. आईने, म्हणजे तिच्या आईने, तिला डोळे दाखवले.

तपासनीस बाई अकरा वाजून पाच मिनिटांनी आल्या. पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी, डोळ्यांवर वाचायचा चष्मा. चष्म्याची एक काडी दोऱ्याने गुंडाळलेली होती. चष्मेवाल्याचं लक्ष आधी तिथे गेलं. चहा त्यांनी नंतर बघू म्हणून टाळला आणि कामाला लागल्या. विजेच्या तारा पाहिल्या, न्हाणीघरात पाय घसरतो का ते स्वतः उभं राहून पाहिलं, पायऱ्यांची उंची टेपने मोजली. मग मागच्या खोलीत गेल्या आणि पिशवीतून एक लहानसं यंत्र काढलं. त्याच्या दोन सुया त्यांनी भिंतीत टोचल्या. यंत्र ओरडायला लागलं ते त्यांनी बंद करेपर्यंत ओरडत राहिलं.

"भरपूर आहे," त्या म्हणाल्या. त्यात कौतुकही नव्हतं आणि तक्रारही नव्हती.

नंतर त्यांनी खोलीत एकदा नजर फिरवली. दिव्याच्या बटणाला एक दोरी बांधलेली होती. ती भिंतीवरून खाली येऊन गोण्यांच्या थोडी वर लोंबत होती, आणि तिच्या टोकाला, अंधारात हाताला लागावं म्हणून, शर्टाची चार बटणं ओवलेली होती. बाईंनी दोरी ओढली. दिवा लागला. त्यांनी ती पुन्हा ओढून दिवा घालवला. त्याच भिंतीवर, छातीच्या उंचीवर, पंजाएवढा तेलकट डाग होता. टेकून बसणाऱ्या माणसाच्या डोक्याचा असतो तसा. खाई त्याला खवखवे, तसं झालं. बायको उगाचच सांगायला लागली की रद्दी किती साठते, विकायला वेळच होत नाही. बाईंनी ऐकून घेतलं.

बाहेर येऊन त्या खाटेच्या शेजारी खुर्चीवर बसल्या. आईला आत बोलावलं.

"आजी, तुम्ही झोपता कुठं?"

आईने सुई पदराला टोचली. "ही काय माझी खाट."

"रोज इथंच?"

"खाट जिथं, तिथं मी."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिला यात खोटं बोलायचं नव्हतं आणि खरंही बोलायचं नव्हतं, आणि दोन्ही तिने टाळलं. तपासनीस बाईंनी चष्मा काढून पुसला. मग अगदी सरळ आवाजात नियम सांगितला. ज्या खोलीत कोणी झोपत नाही ती खोली म्हणजे कोठार. कोठाराच्या ओलीला गुण नाहीत, भिंत अख्खी काळी असली तरी नाहीत. कारण निधी भिंतीसाठी नाही, माणसासाठी आहे.

"म्हणून विचारते. मागच्या खोलीत कोण झोपतं?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. मुलीने आजीकडे पाहिलं. आई हाताच्या नखांकडे पाहत होती.

"मी," चष्मेवाला म्हणाला.

"ते घोरतात," बायको लगेच म्हणाली.

बाईंनी लिहून घेतलं. वय विचारलं, बेचाळीस. खोकला, नाही. दमा, नाही. हिवाळ्यात छाती भरते का, नाही. असल्या खोलीत झोपून इतकी धडधाकट तब्येत म्हणजे नशीब आहे तुमचं, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सहीसाठी कागद पुढे केला. निघताना दारात थांबून त्यांनी आणखी एक सांगितलं. यादी लागल्यावर महिन्याअखेरपर्यंत कार्यालयात येऊन माहितीत दुरुस्ती करता येते. लोकांना मागाहून एकेक गोष्टी आठवतात.

त्या संध्याकाळी आईनेच खाटेचं एक टोक धरलं. नाटक संपलं असेल तर माझं सामान जागेवर लावा, म्हणाली. खाट पुन्हा त्याच दारातून आत गेली.

अठरा दिवसांनी पत्र आलं. गुण बावन्न. खाली बारीक अक्षरात गुणांचा तक्ता होता. बाधित खोलीत साठ वर्षांवरील किंवा श्वासाचा विकार असलेली व्यक्ती झोपत असल्यास वीस गुण अधिक. म्हणजे घरात जे होतं ते होतं तसं दाखवलं असतं तर काम झालं होतं. यांनी खाट हलवण्यात सकाळ घालवली, चौकटीचा रंग घालवला, आणि वीस गुणही घालवले.

बायकोने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली की जाऊन खरं सांगून येऊ, त्यात काय आहे.

"काय सांगू? आईला त्या खोलीत झोपवतो म्हणून? सरकारी कागदावर लिहून देऊ?"

"मग काय करायचं? आईंना मध्येच उठून बसावं लागतं हल्ली. आडवं झालं की श्वास पुरत नाही त्यांना."

हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं, असं त्याचं म्हणणं पडलं. रविवारी आपणच करू. बाजारात ओल अडवणारी पावडर मिळते, सिमेंटमध्ये कालवून दोन हात मारले की झालं. माझा हात काय वाईट आहे. बायकोने पत्राची घडी घालून ते डब्यात ठेवलं. बालवाडीत शिकवणाऱ्या बाईला, कोणाला कधी समजावून उपयोग नाही, हे पक्कं ठाऊक असतं.

रविवारी दुपारी त्याने घमेल्यात सिमेंट कालवलं. आई पायरीवर शर्ट घेऊन बसली होती. काळ्या भिंतीसमोर थापी घेऊन उभं राहिल्यावर त्याला वाटलं, आधी पाणी येतं कुठून ते बघितलं पाहिजे. डाग छताच्या कोपऱ्यातून सुरू होत होता की खिडकीच्या वरून, हे उभ्याने कळेना. म्हणून तो आईच्या खाटेवर उताणा झाला. चार वर्षांत तो या खाटेवर पहिल्यांदाच आडवा होत होता. बसलासुद्धा नव्हता. औषध द्यायला, त्याचं बिल मागायला, जेवायला बोलवायला तो दारापर्यंत यायचा.

उशीला मलमाचा वास होता. डाग खिडकीच्या वरूनच सुरू होत होता, हे त्याला लगेच दिसलं. तो उठणार, तेवढ्यात मुलगी त्याच्या कानाशी बोलली.

"आई, आजीला माझ्या खोलीत घेऊ या का?"

तो दचकून बसला. खोलीत कोणी नव्हतं. कपाटात हँगर सरकल्याचा आवाज आला, आणि मग बायकोचा आवाज, हळू, कपड्यांच्या घड्या घालताना माणूस बोलतो तसा.

"बाबांना विचार."

"विचारलं. ते म्हणतात आजीला तिथंच आवडतं."

"मग झालं तर."

त्याने उशीकडच्या बाजूला पाहिलं. तिथे पूर्वी दार होतं. पलीकडे त्यांची झोपायची खोली. घर घेतलं तेव्हा त्याने स्वतःच ते दार बुजवलं होतं, आणि विटांचा खर्च कशाला म्हणून नुसतं प्लायवूड ठोकून वर रंग मारला होता. पलीकडून त्याला टेकून त्यांचं कपाट होतं, आणि कपाटाला लागून त्यांचा पलंग. काम इतकं सफाईने झालं होतं की तिथे दार होतं हे पाहुण्यांना सांगूनही पटत नसे. आता बायकोने नाक ओढलं तेही त्याला ऐकू आलं.

पहिल्यांदा त्याला जरा हसूच आलं. मग हसू थांबलं.

वडील गेल्यावर आई इकडे आली, त्याला चार वर्षं झाली. आठ दिवस मागच्या खोलीत झोप, तोवर बाहेरच्या खोलीत तुझी खाट लावून देतो, असं त्यानेच तिला सांगितलं होतं. सहाव्या की सातव्या दिवशी, निजानीज झाल्यावर, बायकोने पलंगावरून विचारलं की आता आईंची खाट बाहेर घ्यायची ना. तेव्हा आपण काय म्हणालो ते त्याला शब्दन् शब्द आठवलं. तिथं सोफा येणार आहे. तिला काय, ती कुठंही झोपते. तिला सवयच आहे तशी. आवाज चढवला नव्हता. चढवायचं कारणच नव्हतं. ज्या जागी तो हे बोलला ती जागा या उशीपासून दोन हातांवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी काही विचारायच्या आधी, चहा पिताना आई म्हणाली होती, मला मागचीच खोली बरी. शांत आहे.

त्याला किती हायसं वाटलं होतं. त्यानंतर चार वर्षं त्याने ते सगळ्यांना सांगितलं. बहिणीला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. आईलाच ती खोली आवडते. सांगताना त्यात आईचं थोडं कौतुकही असायचं, की म्हातारीचा हट्ट बघा. आणि ते खोटं आहे असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं, कारण आई तसं म्हणाली होती हे खरंच होतं.

मग तो आणखी आठवायला लागला. या चार वर्षांत त्या पलंगावर आईबद्दल काय काय बोलणं झालं. औषधांवर, तिच्या खोकल्यावर, बहीण तिला का नेत नाही यावर, आणखी किती वर्षं यावर. तीनचार गोष्टी आठवल्या आणि त्याने आठवणं बंद केलं. त्याला लाज वाटली. तपासनीस बाई आल्या तेव्हाही वाटली होती, पण ती लोकांची होती, लोक गेल्यावर गेली. ही तशी नव्हती. इथे त्याला पाहणारं कोणीच नव्हतं.

तो बाहेर गेला आणि आईच्या शेजारी पायरीवर बसला. तिने अंग चोरून त्याला जागा करून दिली. काज अर्धं झालं होतं. ते पुरं झाल्यावर तो बोलला.

"आई, तिथं आतलं सगळं ऐकू येतं."

तिने दोरा दातांनी तोडला. "रेडिओ लावला की नाही येत," ती म्हणाली आणि दुसरं काज धरलं.

आईचा रेडिओ हा घरातला चेष्टेचा विषय होता. पाठ टेकली की तिला तो लागायचा, काहीही चालू असो, भाषण असो नाहीतर बाजारभाव. दोन वर्षांपूर्वी तो बिघडला तेव्हा ती दोन दिवस इतकी अस्वस्थ होती की सगळे हसले होते. चष्मेवाल्यानेच तो दुरुस्त करून आणला होता. आईची हौस म्हणून.

त्या दुपारी भिंतीला हात लागला नाही. सिमेंट घमेल्यातच दगड झालं. संध्याकाळी मुलीने विचारलं तर तो म्हणाला, माझ्याने होणारं काम नाही ते.

सोमवारी त्याने अर्धी रजा घेतली. नगरपालिकेच्या कार्यालयात तळमजल्यावर रांग होती. पुढच्या बाईचा जिना होता, तिच्या पुढच्या म्हाताऱ्याच्या तारा होत्या, आणि प्रत्येकाला आपलंच काम सगळ्यात निकडीचं वाटत होतं. त्याचा नंबर आला तेव्हा तपासनीस बाईंनी त्याला लगेच ओळखलं. तसं दाखवलं मात्र नाही.

"अर्जात दुरुस्ती करायचीय," तो म्हणाला. "मागच्या खोलीत आई झोपते."

त्यांनी कागद काढला. पट्टी ठेवून त्याचं नाव एका रेघेने खोडलं आणि वर आईचं लिहिलं. वय, चौऱ्याहत्तर. किती दिवस, चार वर्षं. खोकला, आहे. श्वास, आडवं झालं की पुरत नाही. कधीपासून, हे विचारल्यावर तो अडला. दुसऱ्या हिवाळ्यापासून असेल, म्हणाला, आणि मग, आधीपासूनही असेल, मला माहीत नाही. तेही त्यांनी लिहिलं. बेरीज केली.

"बहात्तर. बसतंय यादीत. काम पुढच्या महिन्यात सुरू होईल. तोवर त्यांना त्या खोलीत झोपू देऊ नका."

"खाट बाहेर आणली. आज सकाळीच."

बाईंनी मान हलवली. शेवटचा एक रकाना रिकामा होता. बाधित खोलीत झोपण्याचं कारण. तो त्यांनी त्याला विचारला नाही. सरावाने 'जागेअभावी' असं लिहिलं आणि कागद त्याच्याकडे फिरवला. सही कुठे करायची तिथे फुली मारलेली होती.

त्याने पेनाचं टोपण काढलं आणि कागद वाचला. वाचून झाल्यावर त्याने तो पुन्हा वाचला. मागे रांगेतल्या कोणीतरी किती वेळ म्हणून कुरकुर केली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"हे बरोबर नाही. जागा होती."

"त्याने गुण बदलत नाहीत. सगळ्यांचं तेच लिहिते मी. बरं दिसतं."

"हो. तरी खोडा ते."

त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, पट्टी घेतली आणि तो शब्द खोडला.

"मग काय लिहू?"

"जागा होती," तो म्हणाला. "तिथं आम्ही सोफा ठेवला."

बाईंनी तो सांगेल तसं लिहिलं. रकाना लहान होता, शेवटचा शब्द चौकटीच्या बाहेर गेला. त्याने खाली सही केली आणि पेन परत दिलं.